मुजुमदार बाईंची कलणारी तीनचाकी

तीन चाकांची गाडी जागच्या जागी उभी असताना, कुणाचा धक्का न लागता, आडवी पडू शकते. हे सांगितलं की लोक मला वेड्यात काढतात. पण मी ते करून दाखवलेलं आहे, आणि तेही गाडीला हार घालून, नारळ हातात घेऊन, पाहुण्यांच्या देखत.

आमच्या मंडळाच्या दिवाळी अंकात दरवर्षी निवृत्त बँकवाले, रेल्वेवाले आणि प्राध्यापक आपापल्या आठवणी लिहितात. यंदा संपादकांना काय सुचलं कोण जाणे, त्यांनी मला धरलं. उज्जैनला देवास गेटच्या मागच्या गल्लीत मी बेचाळीस वर्षं वेल्डिंगचं दुकान चालवलं. फाटकं, खिडक्यांच्या जाळ्या, जिने, ठेले, जे येईल ते. संपादकांच्या गॅलरीचा कठडा माझाच आहे, त्यामुळे त्यांनी लेख परत पाठवायचं धाडस करू नये.

लोकांना वाटतं वेल्डिंग म्हणजे ठिणग्या. ठिणग्या कुणीही पाडतो. खरं काम त्याआधीचं, मोजण्याचं. आमच्या धंद्यात अजून इंच आणि सूत चालतं. इंचाचे आठ भाग केले की एक भाग म्हणजे सूत. फाटक सूतभर चुकलं की जन्मभर कुरकुरतं. त्यात माझ्या टेपचं टोक पहिल्याच वर्षी तुटलं. टोक तुटलं की शून्यावरून मोजता येत नाही, म्हणून आम्ही एक इंचाच्या खुणेवरून सुरुवात करतो. बारा इंच हवे असतील तर तेरावर खूण करायची. निम्मे कारागीर असंच मोजतात आणि नवी टेप घेतली तरी सवय सुटत नाही. ही सवय पुढे मला भोवली, म्हणून आधीच सांगून ठेवतो.

अर्थात नीट मोजूनही फजिती होतेच. टावर चौकात एक पोहे-जिलबीवाला उभा राहायचा. रस्त्याला तिथे उतार. पाक परातीत एका बाजूला गोळा व्हायचा, अर्ध्या जिलब्या बुडायच्या, अर्ध्या कोरड्या. मी आठ दिवस सकाळी जाऊन उताराचा अभ्यास केला, म्हणजे पोहे खाल्ले, आणि ठेल्याचे उताराकडचे दोन पाय पावणेदोन इंचांनी वाढवले. पाक एकदम सपाट. चारच दिवसांनी त्याला रस्त्याच्या पलीकडे उभं राहायला सांगण्यात आलं. पलीकडचा उतार उलटा! तो धावत आला, ‘‘भैया, अब तो चाशनी सीधी सड़क पे जा रही है.’’ मी बाकीचे दोन पाय वाढवले. म्हणजे ठेला पुन्हा होता तसाच झाला, फक्त पावणेदोन इंच उंच. शेवटी पोहे खाणाऱ्या एका गिऱ्हाइकाने विचारलं, की ठेला नुसता उलटा फिरवून उभा केला असता तर? नंतरच्या दोन पायांचे पैसे मी घेतले नाहीत.

आता मुजुमदार बाई.

बाई दुकानाच्या दारात दिसल्या तेव्हा मी आपोआप उभा राहिलो आणि हातातला हातोडा पाठीमागे लपवला. मी बासष्ट वर्षांचा, बाई बहात्तरच्या. पण नववीत त्यांनी मला भूमिती शिकवली होती. शिकवली म्हणजे त्यांनी प्रयत्न केला. समांतरभुज चौकोनाच्या प्रमेयाला त्यांनी मला शून्य दिलं, त्या वर्षी मी नापास झालो आणि शाळा सुटली ती सुटलीच. पुढे सगळ्यांना मी वडिलांच्या आजारपणाचं कारण सांगत आलो. वडील ठणठणीत होते. खरं कारण तो चौकोन होता.

बाई दाराची चौकट धरून उभ्या होत्या. दोन वर्षांपूर्वी त्यांच्या कानाच्या आत काहीतरी बिघडलं आणि तोल गेला. पाय मजबूत, डोकं तर आमच्यापेक्षा मजबूत, पण आधार सुटला की शरीर एका बाजूला जायचं.

‘‘मधुकर, मला एक तीनचाकी सायकल बनवून दे,’’ त्या म्हणाल्या. ‘‘पुढे दोन चाकं, मागे एक. आणि ती वळणावर कलली पाहिजे.’’

‘‘बाई, बाजारात तयार मिळते की. मागे दोन चाकांची.’’

‘‘चालवून पाहिली ना! चाळीस वर्षं मी सायकलवर शाळेत गेले. वळणावर कलायची सवय हाडात आहे. मी कलले, ती कलली नाही. एक चाक उचललं गेलं आणि मी काकडीच्या ठेल्यात. शिवाय मागे दोन चाकं असली की ती कशाला अडकतात ते दिसत नाही. पुढे दोन असली की जिथून ती गेली तिथून मी जाणार, बात खतम.’’

‘‘पण जायचं कुठे आहे?’’

मग त्यांनी सांगितलं. आमच्या उज्जैनची पंचक्रोशी बाहेरच्या वाचकांना ठाऊक नसेल. वैशाखाच्या रणरणत्या उन्हात लोक पाच दिवस गावाभोवती चालतात, शंभरावर किलोमीटर. निघताना पटणी बाजारातल्या नागचंद्रेश्वराला नारळ वाहायचा आणि त्याच्याकडून चालण्यापुरतं बळ मागून घ्यायचं. परत आल्यावर मातीचे घोडे वाहायचे आणि घेतलेलं बळ परत करायचं. बाईंनी अकरा वेळा यात्रा केली होती. बाराव्या वेळी, अंबोदियाच्या पुढे, एका बाभळीपाशी त्या कोसळल्या. इंदूरहून मुलगा नितीन आला आणि कारमध्ये घालून घरी घेऊन गेला.

‘‘म्हणजे बळ माझ्याकडेच राहिलं, मधुकर,’’ बाई म्हणाल्या. ‘‘दोन वर्षं झाली. दुसऱ्याची चीज घरात ठेवून मला चैन पडत नाही. पुजारी म्हणाले, माताजी, भगवान सब समझते हैं. मी म्हटलं, त्यांना समजतं हो, मला समजायला पाहिजे ना! नितीन म्हणतो, कारने जाऊन घोडा ठेवून येऊ. कारला कशाला बळ पाहिजे? तिला पेट्रोल पाहिजे. ज्या बाभळीपाशी पडले तिथूनच उरलेलं अंतर मी माझ्या पायांनी तोडणार. पायडल मारले तरी ते पायच ना?’’

मी हो म्हणालो. चौकोनाचा सूड घ्यायचा होता की शून्य पुसायचं होतं, मला सांगता येणार नाही.

शेजारी रशीदभाईंचं लेथचं दुकान. आमच्याकडे लेथला खराद म्हणतात. रशीदभाई माझ्याहून चार वर्षांनी मोठे, कमी बोलणारे, आणि सूताच्या चौथ्या भागावर भांडणारे. त्यांना मी मोकळ्या पडलेल्या खाटेवर समजावलं. सुतळी काढलेल्या खिळखिळ्या खाटेच्या चौकटीला एका बाजूने ढकललं की चारही कोपरे हलतात आणि चौकट कलते, पण समोरासमोरचे दांडे एकमेकांशी तसेच सरळ राहतात. हीच चौकट सायकलच्या पुढे उभी बसवायची. वर एक आडवी दांडी, खाली एक, आणि दोन्ही टोकांना सायकलचा एकेक चिमटा, त्यात चाक. मधोमध बाईंच्या जुन्या सायकलचा सांगाडा. सांगाडा कलला की दोन्ही चाकंही तेवढीच कलणार.

रशीदभाईंनी दाढी कुरवाळली. ‘‘उस्ताद, ये तो चौखट है. इसमें नया क्या है?’’

‘‘समांतरभुज चौकोन आहे,’’ मी म्हणालो. आयुष्यात पहिल्यांदा हा शब्द मी स्वखुशीने उच्चारला.

सांध्यांना छताच्या पंख्यांची जुनी बेअरिंगं लावली. खालची दांडी रशीदभाईंनी केली, वरची मी. तीन आठवड्यांत गाडी उभी राहिली, म्हणजे तिला आम्ही दोघांनी धरलं होतं. बाई आल्या, नितीन आला, गल्लीतली मंडळी आली. हार घातला. बाईंनी कुंकू लावलं. मी नारळ घेतला, रशीदभाई नमस्कारासाठी बाजूला झाले, मीही हात सोडला. गाडी सावकाश, अगदी नम्रपणे, उजवीकडे झुकत गेली आणि हारासकट आडवी झाली. तिन्ही चाकं जमिनीला टेकलेलीच होती.

‘‘तीन टाँग की चीज़ गिरते पहली बार देखी,’’ रशीदभाई म्हणाले. ‘‘तिपाई भी नहीं गिरती.’’

नितीन म्हणाला, ‘‘काका, आईच्या जिवाशी खेळू नका.’’ तो चांगला मुलगा आहे, पण त्या क्षणी मला त्याचा राग आला, कारण त्याचं बरोबर होतं. जी गाडी मोकळेपणाने कलते ती उभीसुद्धा राहत नाही. तिला चाकं कितीही लावा, तोल सांभाळायला ती सायकलसारखीच. आणि बाईंचा तर तोलच गेलेला. चौकट करण्याच्या नादात ही साधी गोष्ट आम्हा दोन म्हाताऱ्यांच्या ध्यानातच आली नव्हती.

बाईंनी मात्र नितीनला गप्प केलं. ‘‘पहिलं उत्तर चुकलंय. गणित चुकलेलं नाही. अजून दीड महिना आहे.’’

उपाय स्प्रिंगांचा होता. दोन्ही बाजूंना एकेक स्प्रिंग, म्हणजे गाडी कलेल पण आपण होऊन सरळही होईल. आणि एक खिट्टी, ती अडकवली की कलणं बंद आणि गाडी तिपाईसारखी पक्की. थांबताना खिट्टी लावायची. पण स्प्रिंग किती जोराची? मऊ घेतली तर बाई पडणार, कडक घेतली तर गाडी कलणार नाही. त्यासाठी बाईंचं वजन कळायला हवं होतं.

‘‘आप पूछो, आपकी टीचर हैं,’’ रशीदभाई म्हणाले.

‘‘तुम्ही विचारा, तुम्हाला त्यांनी शून्य दिलेलं नाही.’’

दोन दिवस अशीच ढकलाढकल झाली. मग आम्ही भंगारवाल्याचा काटा दुकानात आणला, त्यावर पोतं टाकलं, पोत्यावर खुर्ची ठेवली आणि बाईंना म्हणालो, ‘‘गाडीचं आसन केवढं उंच ठेवू, जरा बसून सांगा.’’ बाई बसल्या. मान वळवून त्यांनी काट्याकडे पाहिलं.

‘‘बासष्ट किलो आणि खुर्ची,’’ त्या म्हणाल्या. ‘‘विचारलं असतंस तर सांगितलं असतं.’’

स्कूटरच्या जुन्या स्प्रिंगा बसवल्या. गाडी आता हात सोडला तरी उभी राहायची. पण चालवली की डावीकडे जायची. मी चालवली, डावीकडे. रशीदभाईंनी चालवली, डावीकडे. गल्लीतून निघून सरळ टावर चौकाला जायचं म्हटलं तरी ती बस स्टँडकडेच वळायची, गावाला निघाल्यासारखी. आठवडाभर आम्ही हँडल बदललं, चाकं बदलली, स्प्रिंगा अदलाबदल केल्या. नितीन रोज फोन करून ‘‘झालं का काका?’’ असं विचारायचा, आणि त्यातलं ‘का’ दर दिवशी थोडं लांबत चाललं होतं.

यात्रा दहा दिवसांवर आली. बाई आल्या, खुर्चीत बसून गाडीकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, ‘‘मधुकर, उभा राहा.’’

मी उभाच होतो. तरी सरळ झालो.

‘‘समांतरभुज चौकोन म्हणजे काय?’’

‘‘ज्याच्या समोरासमोरच्या बाजू समांतर असतात तो.’’

‘‘आणि?’’

रशीदभाई खराद बंद करून दारात येऊन उभे राहिले होते. त्यांना ही मजा बुडवायची नव्हती.

‘‘आणि... समान असतात.’’

‘‘मग मोज. तुझ्या त्या टेपने नाही, दोऱ्याने.’’

खालच्या दांडीवर मधल्या भोकापासून उजव्या भोकापर्यंत दोरा धरला, गाठ मारली. तोच दोरा वरच्या दांडीवर धरला. गाठ भोकाच्या पुढे गेली. बरोबर एक इंच.

झालं असं होतं, की दांड्यांची मापं घेताना रशीदभाई आकडे सांगत होते आणि मी खुणा करत होतो. त्यांची स्टीलची पट्टी शून्यावरून सुरू होते, माझी टेप एकावरून. डावीकडे मी आठवणीने तेरावर खूण केली. उजवीकडे ते ‘‘बारह’’ म्हणाले आणि मी बारावर केली. वरची दांडी उजवीकडे इंचभर आखूड. उजवं चाक जन्मजात डावीकडे झुकलेलं, म्हणून गाडी डावीकडे ओढत होती. बेचाळीस वर्षं ज्या युक्तीवर मी धंदा केला, तिने बाईंच्याच गाडीत मला गाठलं.

रशीदभाई एवढंच म्हणाले, ‘‘उस्ताद, नया टेप ला दूँ?’’ मला त्या दिवशी जेवण गेलं नाही. नवी दांडी मी दोऱ्याने मोजून केली.

यात्रेच्या चौथ्या दिवशी भल्या सकाळी गाडी टेम्पोत घालून आम्ही त्या बाभळीपाशी पोचलो. बाईंनी झाडाला हात लावला, खिट्टी काढली आणि निघाल्या. मागे स्कूटरवर मी, माझ्या मागे पाने-हातोड्यांची पिशवी मांडीवर घेतलेले रशीदभाई, त्यांच्या मागे कारमध्ये पाण्याच्या बाटल्या घेऊन नितीन. बाईंचा हुकूम होता, की कुणीही पुढे यायचं नाही.

गाडी डोक्यावर गाठोडी घेतलेल्या बायकांच्या घोळक्यातून चालली. माळव्याच्या बायका भिडस्त नसतात. ‘‘माँजी, या कईं चीज हे?’’ एकीने विचारलं. बाईंनी पायडल न थांबवता सांगितलं, ‘‘समांतरभुज चौकोन!’’ ती बाई मागच्या बाईला म्हणाली, कोई विदेशी कंपनी की है.

त्या दिवशी जैथलचा मुक्काम गाठला. दुसऱ्या दिवशी उंडाशाच्या तलावाजवळ उतार आणि उताराच्या तळाला वळण लागलं. मी हे वळण आधी पाहून ठेवलं नव्हतं. नितीनने मागून हॉर्न वाजवला, मी ‘‘बाई, ब्रेक!’’ म्हणून ओरडलो. बाईंनी ब्रेक लावला नाही. त्या कलल्या. त्यांच्याबरोबर सांगाडा कलला, दोन्ही चाकं कलली, तिन्ही एकसारखी, आणि गाडी वळणावरून अलगद फिरून सरळ झाली. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. असं काम माझ्या हातून पुन्हा होणार नाही हे मला तिथेच कळलं. रशीदभाईंना मी डोळ्यात धूळ गेल्याचं सांगितलं. ते म्हणाले, त्यांच्याही गेली आहे.

आणि मग, उन्हं चढल्यावर, गावात शिरून देवास गेटला पोचलो तेव्हा, माझ्या दुकानापासून पन्नास पावलांवर, टण्ण आवाज झाला. डावी स्प्रिंग तुटली. गाडी लुळी होऊन झुकली, बाईंनी पाय टेकले, आम्ही धावलो. पटणी बाजार तिथून दोनेक किलोमीटर.

‘‘दहा मिनिटं बाई,’’ मी म्हणालो. ‘‘दुकान समोरच आहे. दुसरी स्प्रिंग बसवतो.’’

नितीन म्हणाला, ‘‘आई, खूप झालं. आता कारमध्ये बस. इतकं केलंस, देवाला पोचलं.’’

बाईंनी दोघांकडेही पाहिलं नाही. त्या गाडीवरून उतरल्या, आम्ही हात पुढे केले ते त्यांनी बाजूला सारले. खिट्टी खट्ट करून लावली. गाडी पक्की झाली. मग दोन्ही हातांनी हँडल धरून त्यांनी एक पाऊल टाकलं. दुसरं टाकलं. शरीर एका बाजूला गेलं नाही. त्यांनी मागे वळून बघितलं तेव्हा त्यांचा चेहरा लहान मुलीसारखा झाला होता.

‘‘अरे, मी चालतेय!’’ त्या म्हणाल्या.

आणि गेल्या. दोन महिने आम्ही जी गाडी कलावी म्हणून लोखंड झिजवलं, तिचं कलणं बंद करून, तिला पुढे ढकलत, बाई पटणी बाजारापर्यंत पायी चालत गेल्या. आम्ही तिघं मागून जात होतो. नितीन उघडपणे रडत होता. रशीदभाई मात्र अधूनमधून माझ्या कानाशी येऊन म्हणत होते, ‘‘उस्ताद, ये तो ठेला भी चल जाता.’’ त्यांचं खरं होतं. ठेला मी दोन दिवसांत करून दिला असता. कारागीर म्हणून मला त्याचं वाईट वाटलं आणि आजही थोडं वाटतं.

देवळापाशी फार गर्दी होती. बाईंनी मातीचा घोडा वाहिला, डोळे मिटून बराच वेळ उभ्या राहिल्या, एक हात हँडलवर ठेवून. बाहेर आल्यावर म्हणाल्या, ‘‘सुटले.’’

दुसऱ्या दिवशी त्या दुकानात आल्या, गाडी ढकलत. तुटकी स्प्रिंग बदलायची होती, कारण माधव नगरच्या भाजीबाजारात त्यांना चालवतच जायचं होतं आणि वळणावर कलायचंही होतं. पिशवीतून त्यांनी वर्तमानपत्रात गुंडाळलेली वस्तू काढून माझ्या टेबलावर ठेवली. मातीचा घोडा.

‘‘दोन घेतले होते,’’ त्या म्हणाल्या. ‘‘एक देवाचा. हा तुझा. तुझ्याकडूनही बळ घेतलं होतं मी, ते परत केलं.’’

‘‘बाई, मी कसलं बळ दिलं? अर्ध्या वाटेत स्प्रिंग तुटली. आधी गाडी पडली, मग डावीकडे पळाली. मोजून पाहिलं तर...’’

‘‘तू मोजू नकोस,’’ बाई म्हणाल्या. ‘‘तुझं मोजणं मला नववीपासून माहीत आहे.’’

आता दुकान भाचा बघतो. मी दुपारी जाऊन बसतो. तो घोडा फळीवर माझ्या तुटक्या टेपशेजारी ठेवलाय. त्याचा पुढचा एक पाय आखूड आहे, त्यामुळे तो उजवीकडे जरासा कलतो. खाली वायसर सरकवला तर सरळ उभा राहील, असं रशीदभाई म्हणतात. पाय किती आखूड आहे, ते मी अजून मोजलेलं नाही.